ताईंच्या कुकरमधला पुदिना

गुरुवारी सकाळी महेशचा फोन आला तेव्हा मी शनिवारची यादी करत बसले होते. शनिवारी मला अकोल्याला जायचं होतं, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे, म्हणजे सुमनताईंकडे. महेश त्यांचा मुलगा. यादीत चार मुद्दे होते. एक, ताईंच्या चष्म्याची दुरुस्त करून आणलेली फ्रेम. दोन, ज्वारीच्या पापड्या, डबा परत आणणे. तीन, दिवाळीपासून माझ्याकडे राहिलेला त्यांचा झारा. आणि चार, पुदिन्याचं खरं सांगणे. चौथ्या मुद्द्याखाली मी रेघ ओढली होती, कारण तो आधीच्याही कितीतरी याद्यांमध्ये होता आणि दर वेळी तसाच पुढच्या यादीत गेला होता. महेश म्हणाला, "काकू, आई गेली." मग तुटक तुटक सांगत गेला. ताई नेहमीसारख्या उठल्या, चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला, अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि बसल्या जागीच...

मी भांडारपाल आहे. अमरावतीतल्या एका सरकारी महाविद्यालयाच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहे. काहीही झालं की माझं डोकं आधी कामं मोजतं. त्या दिवशीही मी महेशला डॉक्टर येऊन गेले का, जवळ कोण आहे, कोणाकोणाला कळवलं, असे प्रश्न ओळीने विचारले. विलासला, माझ्या नवऱ्याला, ऑफिसातून बोलावून घेतलं आणि तासाभरात आम्ही निघालो. निघताना मी फ्रेम, पापड्या आणि झारा पिशवीत टाकले. अशा वेळी कोणी झारा नेत नाही, हे मला कळत होतं. पण यादीत होता म्हणून नेला. अकोल्याला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले, झारा त्याच्या खिळ्याला अडकवला, आणि तोवर न आलेलं रडू मला तिथे आलं.

याला आता दीड महिना होईल. तीन मुद्द्यांवर खूण झाली. चौथा राहिला तो राहिलाच, आणि त्याचंच इथे सांगायचं आहे.

ताईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात. मी राजापेठेत वाढलेली. आमच्या गल्लीत नळ रोज यायचा आणि पाण्याकडे कोणी वळून बघत नसे. अकोल्यात डाबकी रोडवरच्या त्या घरात मला पाण्याचा ग्लास दिला गेला, मी अर्धा प्यायले आणि उरलेलं ओतायला मोरीकडे निघाले, तर मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. "थांब वं, तिकडे कुठं चालली? दे इकडे." ताईंनी माझ्या हातातला ग्लास घेतला, मागचं दार उघडलं आणि पायरीवर ठेवलेल्या एका जुन्या कुकरमध्ये ते पाणी हळूच ओतलं. कुकरचं हँडल तुटलेलं होतं, झाकण नव्हतं, आणि त्यात काठोकाठ पुदिना माजला होता. अकोल्यात नळ कधी चार दिवसांनी यायचा, कधी आठ. जमिनीखाली पाणी होतं, पण ते खारं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून नळाचं गोडं पाणी पितळी गुंडांत भरायचं, वर फडकं बांधायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. हे सगळं मला त्याच दिवशी कळलं, आणि मी मनातल्या मनात नोंद केली की जाऊबाई काटकसरी आहेत, जपून राहावं. त्या घरी पोस्टमन येवो, सिलिंडरवाला येवो की सोयरे येवोत, प्रत्येकाला पाणी दिलं जायचं आणि कोणी किती उरवलं याकडे ताईंचा डोळा असायचा. ग्लास पूर्ण संपवणारा पाहुणा वहिनीला फारसा आवडत नाही, असा विलासचा आरोप होता.

तो पुदिना सेमाडोहचा होता. ताईंचे यजमान, म्हणजे भाऊजी, वनखात्यात कारकून होते आणि लग्नानंतरची त्यांची पहिली नेमणूक मेळघाटात, सेमाडोहला. ताई शेतकऱ्याच्या घरातल्या, भरल्या गोतावळ्यातून एकदम जंगलातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जाऊन पडल्या. "लाइट नवती, बाजार नवता, बोलाले मानूस नवता," त्या सांगायच्या. "हे सकाळी जात, संध्याकाळी येत. मंधात एक हातपंप अन् मी." त्या हातपंपाच्या सांडपाण्यावर हा पुदिना आपोआप पसरला होता. तो कोणी लावला नव्हता, त्याला कोणी पाणी घालत नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात ताईंना हिवताप झाला तेव्हा शेजारच्या कोरकू बाईने त्याच पुदिन्याचा काढा करून पाजला. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला. तरी दोघी दुपारभर हातपंपाशी बसून बोलायच्या, असं ताई म्हणायच्या, आणि काय बोलायच्या विचारलं तर, "आपलं आपलं, दोघी बी," असं उत्तर द्यायच्या. अडीच वर्षांनी भाऊजींची अकोल्याला बदली झाली. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा त्या बाईने मुळांसकट एक गड्डा उपटला, ओल्या चिंधीत बांधला आणि ताईंच्या मांडीवर ठेवला. घाटात ट्रकने इतके धक्के खाल्ले की लग्नात मिळालेल्या नव्या कुकरचं हँडल तुटलं. अकोल्याला आल्यावर भाऊजींनी खिळा आणि हातोडी घेऊन त्याच कुकरच्या बुडाला भोकं पाडली, आणि तो गड्डा त्यात लागला. पान बारीक, रंग काळपट हिरवा आणि वास असा की दोन पानं चुरली तरी बोटांना संध्याकाळपर्यंत राहायचा. बाजारातला मोठ्या पानाचा पुदिना ताईंच्या लेखी गवत होता. उन्हाळ्यात कैरी आणि या पुदिन्याची चटणी त्या पाट्यावर वाटायच्या, मिक्सरला हात लावायच्या नाहीत, आणि वाटताना हटकून सेमाडोहच्या गोष्टी निघायच्या. त्यांच्या आयुष्यातली ती अडीच वर्षंच तेवढी त्यांची एकटीची होती, असं मला फार नंतर कळलं. पुढची सगळी सासू-सासऱ्यांची, दिरांची, मुलांची.

पहिली काडी त्यांनी मला पहिल्याच भेटीत दिली. दुधाच्या रिकाम्या पिशवीत ओली चिंधी, चिंधीत चार काड्या, वर रबर. "पानी टाकजो," त्यांनी बजावलं, "पन लाड नको करजो." मी पर्समधून डायरी काढून ते लिहून घेतलं. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "झाडाची बी यादी? तुह्या घरी मानसाईच्या याद्या असतीन मंग. माहा नंबर कितवा हाय त्यात?" मी म्हटलं, "पहिला." त्या म्हणाल्या, "खोटी," आणि खूश झाल्या.

मी अमरावतीला येऊन नवी मातीची कुंडी घेतली, काळी माती, शेणखत आणि वाळू मोजून मिसळली, काड्या लावल्या. वीस दिवसांत पुदिना गेला. पुढच्या भेटीत मी ताईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मेला? मरू दे. दुसरा घेऊन जाय. झाड हाय, जावई थोडाच हाय, का रुसला तं मनवा लागते." दुसराही गेला, तेही सांगितलं. तिसरा गेला तेव्हा मात्र मला लाज वाटायला लागली. माझ्या स्टोअरमधून एक काचेची नळी कधी हरवली नाही, तीनशे मुलांच्या प्रयोगाचं सामान मी एका तासात काढून देते, आणि माझ्या हाताने एक पुदिना जगत नाही. चौथ्या वेळी ताईंनी फोनवर विचारलं, "पुदिना कसा हाय?" आणि माझ्या तोंडून गेलं, "मस्त आहे ताई." खोटं बोलण्याचा विचार वगैरे केला नव्हता. जेवण झालं का, हो झालं, तसंच ते निघून गेलं. नंतर ते उत्तर ठरूनच गेलं. दर दिवाळीला त्या "आनखी थोडा घेऊन जाय, दाट होईन," म्हणून काड्या द्यायच्या, मी आणायचे, लावायचे, घालवायचे, आणि फोनवर पुदिना मस्त असायचा.

प्रयत्नात मी कमी पडले नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. माझ्या डायऱ्यांमध्ये त्याच्या नोंदी आहेत. सकाळी साडेसहाला पाणी. एप्रिलपासून हिरवी जाळी. कुंडी पश्चिमेच्या गॅलरीतून पूर्वेच्या खिडकीत. खत बदललं, माती बदलली, कुंडी बदलली. मे महिन्यात कूलरच्या गार हवेत ठेवून पाहिली. पाण्याच्या बाबतीत तर मी विशेष व्यवस्था लावली होती. आमच्या इमारतीत नळ सकाळी थोडा वेळच येतो, बाकी सगळं बोअरवर, पाणी जड. आधी मी रोज संध्याकाळी कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी काढून कुंड्यांना घालायचे, म्हणजे टाकीही स्वच्छ आणि झाडंही ओली. पुढे घरात आरओचं मशीन आलं. ते एक ग्लास पाणी गाळताना दोन ग्लास फेकतं, ते मला बघवेना. मी त्या फेकल्या जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडली. त्या पाण्याने फरशी, त्याच पाण्याने कूलर आणि त्याच पाण्याने कुंड्या. थेंब वाया जात नव्हता. आमच्या ऑफिसातल्या चौघींनी माझं बघून आपापल्या घरी बादल्या लावल्या.

सहा वर्षांपूर्वी ताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला आमच्याकडे येणार असं ठरलं. भाऊजी तोवर गेले होते. पंधरा दिवस मुक्काम. मी यादी केली. डॉक्टरची वेळ, थेंबांच्या वेळा, गॉगल, भाजणीचं थालीपीठ, आणि पुदिना. आदल्या दिवशी मी राजापेठेच्या बाजारात जाऊन मुळं असलेली पुदिन्याची एक जुडी आणली आणि ती कुंडीत रोवून टाकली. वर शेणखत भुरभुरलं, म्हणजे जुनी लागवड वाटावी. विलास चहा पीत बघत होता. तो म्हणाला, "वहिनी वासावरून ओळखते, ललिता." मी म्हटलं, "डोळ्याला पट्टी असणार आहे त्यांच्या." तो म्हणाला, "नाकाले थोडीच असन." ताई आल्या. ऑपरेशनच्या आधीच, पहिल्याच संध्याकाळी, त्या खिडकीशी गेल्या, एक पान खुडलं, चुरलं, हुंगलं. मी ओट्याशी पाठ करून उभी होते. "चांगला हाय," ताई म्हणाल्या. "पान मोठं धरलं इथल्या हवेनं." एवढंच. पंधरा दिवसांनी निघताना म्हणाल्या, "दिवाळीले येशील तं आनखी थोडा घेऊन जाय." मी सुटले असं समजले आणि पुढची सहा वर्षं त्या खोट्यावर काढली.

आणि यंदा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. ऊन किती, कूलर काढला का, महेशच्या बायकोचं, स्नेहलचं, नोकरीचं काय. मग ताई म्हणाल्या, "ललिता, शनिवारी येऊन राहिली ना तू? मंग येताना तुह्या कुंडीतला थोडा पुदिना घेऊन येजो. माहा औंदा सुकून राहिला. दोन काड्या राहिल्या असतीन." मी म्हटलं, "आणते." फोन ठेवला आणि खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं. दिवाळीत आणलेल्या काड्यांची तिथे नुसती वाळकी सुतळी झाली होती. त्या शनिवारी मला ऑफिसच्या कामात अडकल्यासारखं दाखवता आलं, म्हणजे मी तसं दाखवलं, आणि जाणं पुढच्या शनिवारवर ढकललं. तो शनिवार ताईंना मिळाला नाही.

तेराव्याला सगळं आटोपल्यावर स्नेहल मला मागच्या पायरीशी घेऊन गेली. कुकर तिथेच होता. दिवसकार्याच्या धावपळीत त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. तीन काड्या, त्यातल्या दोन खालून काळ्या पडलेल्या. समोरच्या घरातल्या इंगळे मॅडमनी अधूनमधून पाणी घातलं असावं, कारण माती ओली होती. स्नेहल म्हणाली, "काकू, हा तुम्हीच न्या. मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. आणि आई नेहमी सांगायच्या, अमरावतीला ललिताकडे मस्त आहे म्हणून." नको म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशी, त्या घरात, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. मी कुकर उचलला. विलास आधीच परतला होता म्हणून मी एसटीने निघाले. खिडकीची जागा मिळाली, कुकर मांडीवर. मूर्तिजापूरच्या अलीकडे कंडक्टर तिकिटाला आला आणि बघून थबकला. "काय काकू, कुकरमधी जंगल घेऊन चालल्या?" मी म्हटलं, "जंगलाचंच आहे." तो म्हणाला, "मंग त्याचं बी तिकीट घ्या लागते," आणि हसत पुढे गेला. ताई असत्या तर त्यांनी त्याला खाली उतरेपर्यंत सोडलं नसतं.

घरी आल्यावर मी फ्रिजवर कागद लावला. सकाळ, संध्याकाळ, सावली, जाळी, पानांची संख्या. पहिल्या दिवशी अकरा पानं होती. चौथ्या दिवशी नऊ. पानांच्या कडा आधी तपकिरी व्हायच्या, मग आत वळायच्या, मग पान बोट लागताच गळायचं. ऊन म्हणून मी कुकर आतल्या खोलीत आणला. आठवड्याने सहा पानं. मातीवर पांढरट पापुद्रा दिसायला लागला, तो मी बुरशी समजून खरवडला आणि वरून आणखी पाणी घातलं. दहाव्या दिवशी एक काडी राहिली, चार पानांची. सकाळी ऑफिसला जाताना मी तिच्याकडे बघायचं टाळायला लागले. स्टोअरमध्ये कोणी विचारलं, काय हो मॅडम, बरं नाही का, तर मी काय सांगणार होते? माझ्या जाऊबाईंचा सेमाडोहपासूनचा पुदिना माझ्या घरात मरून राहिला आणि त्याला मी रोज वेळेवर पाणी देते आहे, असं?

शेवटी मी इंगळे मॅडमना फोन केला. त्या निवृत्त शिक्षिका, ताईंच्या समोर तीसेक वर्षं राहिलेल्या. बुद्धपौर्णिमा नुकतीच झाली होती. "यंदा खीर केली, पण समोर वाटी न्यायची राहिली," त्या म्हणाल्या, "सवयीने भरून ठेवली होती..." मग मी पुदिन्याचं सांगितलं. मॅडमनी शाळेत तपासणी करावी तसे प्रश्न विचारले. ऊन किती, माती कोणती, पाणी कोणतं.

"आरओचं," मी म्हटलं.

"प्यायचं की त्यातून उरलेलं?"

"उरलेलं. वाया जातं ना ते."

"ललिताबाई, त्या मशीनमध्ये तुमच्या बोअरचा सगळा खार एका बाजूला काढतात, तो जातो त्या नळीतून. तुम्ही त्याला मिठाचं पाणी पाजून राहिल्या. मातीवर पांढरं दिसते का?"

मी हो म्हटलं, आणि मग कूलरच्या टाकीचंही सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्या म्हणाल्या, "तेही तसंच. पाणी उडून जाते, खार खाली राहते." मी ओट्याला टेकून उभी राहिले. खारपाणपट्टा तिकडे पूर्णेच्या काठी आहे असं मी समजत होते. इथे अमरावतीत, गोड्या पाण्याच्या नळाखाली, मी तो स्वतःच्या हाताने बादलीत गोळा करत होते. आणि ताई अकोल्यात बसून, आठ-आठ दिवस पुरवायच्या पाण्यातून, पाहुण्यांच्या ग्लासात उरलेलं प्यायचं पाणी त्याला घालत होत्या. त्या घरात झाडाला देता येईल असं गोडं पाणी तेवढंच होतं.

"पण घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "सुमनताईंचाही कुठे जगायचा? मे महिन्यात दरवर्षी मरायचा त्यांचा. ती पायरी तापते किती. मग माझ्याकडून न्यायच्या, माझी कुंडी न्हाणीघराच्या सावलीत. अन् मी दिवाळीत मुलीकडे पुण्याला गेली की माझा मरायचा, मग मी त्यांच्याकडून आणायची. असा तो रस्ता ओलांडूनच जगला इतकी वर्षं. या वेळी माझा मुक्काम लांबला, मी मार्चमध्ये आली तर माझा संपूर्ण गेला होता, अन् त्यांचाही सुकत आला. म्हणून तुमच्याकडे मागितला त्यांनी."

मी म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे नव्हता. कधीच नव्हता. मी त्यांना..."

"माहीत होतं त्यांना," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात हसू आलं. "ऑपरेशनहून आल्या तेव्हा चार दिवस हसत होत्या. 'माह्या जावेनं मले बाजारचा पुदिना रोवून दाखवला, वरून शेन भुरकवलं,' म्हणे. 'एवढं कोनी केलं का माह्यासाठी?' फोन केला तेव्हाही मी त्यांना म्हटलं, कशाला मागता, नसेल तिच्याकडे. तर म्हणाल्या, 'असन तं असन, नसन तं नसन. पन मागतल्यावर ललिता खरं सांगन.'"

त्यानंतर मॅडम बऱ्याच सूचना देत होत्या आणि मी एकही लिहून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. कुकर सगळा रिकामा केला, मुळं गोड्या पाण्यात धुतली, कुकर घासला, तारेने भोकं मोकळी केली. भोकं मोजली, अकरा होती, भाऊजींनी अगदी एका अंतरावर पाडलेली. नवी माती भरली आणि ती एकुलती काडी आडवी करून लावली. नळाचं पाणी घातलं. फ्रिजवरचा कागद काढून टाकला. आरओच्या बादलीचं पाणी आता फक्त फरशीला, आणि ऑफिसातल्या चौघींनाही मी तसं सांगितलं. एकीने विचारलं, "मॅडम, तुम्हीच तर शिकवलं होतं ना?" मी म्हटलं, "हो. चुकलं माझं."

मागच्या रविवारी स्नेहलचा फोन आला. सध्या नवतपाचे नऊ दिवस सुरू आहेत, अकोल्यात अंगणात पाय ठेववत नाही, आईंची खुर्ची आत घेतली, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "पुदिना कसा आहे काकू?" उत्तर जिभेवर तयारच होतं, इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "स्नेहल, मेल्यातच जमा आहे. एक काडी आहे. आणि आधीही माझ्याकडे कधी जगला नाही. मी आईंना खोटं सांगायचे." मग ती म्हणाली, "काकू, तुम्ही नेल्यावर ती पायरी रिकामी दिसते म्हणून मी बाजारातला आणून लावला तिथे, जुन्या बादलीत. महेशला सांगितलं, आईंच्यातलाच राहिलेला आहे म्हणून." आम्ही दोघी हसलो. तिचं हसू आधी थांबलं आणि ती म्हणाली, "तुमचा लागला तर एक काडी द्या. बदलून टाकते." मी म्हटलं, "इंगळे मॅडमना पण द्यायची आहे." त्या काडीला सध्या पानं किती आहेत, ते मी मोजलेलं नाही. मातीतून बाजूला एक बारीक टोक आलं आहे. ते पुदिन्याचं आहे की दुसऱ्या कशाचं, हे अजून दोन पानं फुटल्याशिवाय कळणार नाही.

कुकर आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. काल आमच्या मजल्यावरच्या देशमुखकाकू आल्या होत्या. उन्हातून आल्या म्हणून मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, ग्लास तिपाईवर ठेवला आणि बोलत बसल्या. बोलता बोलता हात पुन्हा ग्लासकडे जायचा आणि माझं लक्ष त्यांच्या बोलण्यावरून उडायचं. निघताना विलास ग्लास उचलून मोरीकडे वळला. मी म्हटलं, "थांब. दे इकडे."

अर्ध्याहून थोडं जास्त होतं.